कोणता पाय?

बँकेतल्या बाईंनी टेबलावरचा फोन तिच्याकडे वळवला आणि आधी नऊ दाबा म्हणाल्या. स्वतःचा मोबाइल ती कारखान्यातच विसरून आली होती आणि घराच्या कागदावरचा नोंदणी क्रमांक हवा होता. तो कागद वन्संच्या कपाटात, वन्संनाच ठाऊक असलेल्या फायलीत. तिनं दुकानाचा नंबर फिरवला. गेल्या चार वर्षांत हा नंबर तिनं हजारदा लोकांना सांगितला होता, खोक्यांवर छापून घेतला होता, पण स्वतः कधी फिरवल्याचं तिला आठवेना. घंटा बराच वेळ वाजली. मग पलीकडून आवाज आला, "नमस्कार. बोला, कोणता पाय?"

"वन्सं, मी बोलतेय."

"बोला ना. सावकाश बोला, घाई नाही. कोणता पाय?"

"अहो मी. मी."

"हो, मी ऐकतेय. यात लाजायचं काही नाही. आखूड पाय कोणता, डावा की उजवा?"

"डावा," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ते का निघालं हे पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःला सांगता आलं नाही. बँकेतल्या बाई समोर बसल्या होत्या, त्यांच्या हातात शिक्का होता. फोन खाली ठेवून परत लावता आला असता, ओरडून सांगता आलं असतं. पण तो आवाज. घरात वन्सं बोलायच्या त्या मोजून: दूध संपलंय, पार्सल आलंय, जिन्यातला दिवा गेलाय. दुकानात त्यांचं फोनवरचं बोलणं ती दिवसभर ऐकत होतीच, पण ते पाठमोरं; दुसऱ्या कुणासाठी वाढलेलं पान आपण बाजूनं पाहावं तसं. आज ते समोरून आलं होतं. तिला वाटलं, थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, आपणही हे घ्यावं.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"नणंद," ती म्हणाली आणि पलीकडून काही उत्तर येईना म्हणून जरा मोठ्यानं परत म्हणाली, "नणंद असते."

"कशी आहे?"

"कोण?"

"नणंद हो. प्रेमाची आहे, की नुसतीच आहे?"

तिला हसू आलं. "प्रेमाची आहे," ती म्हणाली.

"मग झालं. आम्ही पाठवू त्या कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, आणि नणंदेला खाली बसवायचं. पेन्सिल उभी धरून पावलाभोवती फिरवायची. स्वतःचं पाऊल स्वतः काढायला जाऊ नका. वाकलं की भार पुढे येतो, पाऊल पसरतं आणि माप चुकतं. तिला सांगायला जड वाटेल तुम्हाला. पण सांगून बघा. खाली बस म्हटलं तर माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, फक्त त्यांना कुणी तसं सांगत नाही." मग कागदाची सळसळ, आणि पेन चालल्याचा आवाज. "लिहून घेतलं. उजवा पाय."

"डावा."

"हो, हो. उजवा. पत्ता सांगता?"

तिनं फोन ठेवला. मिळाला का क्रमांक, असं बाईंनी विचारलं. लाइन नीट नव्हती, उद्या घेऊन येते, असं म्हणून ती उठली. दारातून बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं की ती किंचित लंगडतेय. डाव्या पायानं.

बस सोडून ती चालत निघाली. रस्त्याच्या कडेला पाइप टाकायला खणलं होतं आणि लोक एका फळीवरून एकामागून एक जात होते. अशा गर्दीत तिची नजर आपोआप खाली जायची. वीस वर्षं नवऱ्याबरोबर राहून लागलेली सवय. तो चेहऱ्यांच्या आधी टाचा बघायचा. कुणाची टाच बाहेरून झिजलीय, कुणाचा एक खांदा खाली आहे, कोण पँटची एक बाजू लांब शिवून घेतं. "हा बघ, अर्धा इंच," तो चालता चालता कुजबुजायचा, "आणि याला आयुष्यभर वाटतंय की कंबर दुखते ती वयानं." दोन खोल्यांत त्यानं एक पाय आखूड असलेल्यांसाठी बूट करायचा धंदा उभा केला. मागे कारागीर लाकडी कलबुतावर, पावलाच्या आकाराच्या साच्यावर, चामडं ताणून बूट चढवायचा, पुढे हा लोकांना स्टुलावर उभं करून आखूड पायाखाली एकेक वही सरकवायचा, कंबर समपातळीत येईपर्यंत. चार वह्या, पाच वह्या. सहाव्या वहीला एखादी म्हातारी अचानक सरळ व्हायची आणि भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहायची. तो गेला तेव्हा ऑर्डरी अर्धवट होत्या, आणि त्या पुऱ्या करता करता तिला कळलं की आपण थांबलेलो नाही. लांबच्या माणसांना दुकानात येणं जमत नाही, तर कागद त्यांच्याकडे पाठवावा, ही कल्पना तिची. पण घरबसल्या पाऊल कसं काढायचं ते समजावून सांगायला फोनवर कुणीतरी हवं होतं. वन्सं तेव्हा नुकत्याच नोकरीतून निवृत्त होऊन भावाच्या घरी राहायला आल्या होत्या. तीस वर्षं एका कचेरीत टायपिस्ट. भाऊ गेल्यावर त्या दिवसदिवस खिडकीपाशी बसायच्या, बोटं मांडीवर आपोआप हलायची. त्यांना काहीतरी द्यावं म्हणून तिनं त्यांच्यापुढे फोन ठेवला होता. तेवढंच. तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं की लोक बुटांसाठी फोन करतील आणि वन्संसाठी धरून ठेवतील.

गेल्या महिन्यात भांडवल देणारे गृहस्थ येऊन गेले. माणूस चांगला होता, तीच तर पंचाईत. ते सकाळभर पुढच्या खोलीत स्टुलावर बसून राहिले, तीन फोन त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले, घड्याळ लावून. "एका फोनला अठरा मिनिटं," ते नंतर म्हणाले, "तुम्ही बूट विकताय की सोबत?" ती हसली होती. मग त्यांनी फोन कंपनीकडून मागवलेला कागद पुढे ठेवला. दहा जण फोन करतात, त्यातल्या चौघांना लाइन मिळतच नाही. "ते चौघंही लंगडतच असतील ना," ते म्हणाले. त्यांची योजना सरळ होती. धंद्यातला चाळीस टक्के हिस्सा घेऊन ते नवी जागा, आणखी चार कारागीर, घासायचं मशीन एवढ्याचे पैसे घालणार. मापं मोबाइलवर फोटो काढून येतील. फोन लांबच्या एका केंद्रात जातील, तिथं मुली कानाला यंत्र लावून ठरलेले प्रश्न विचारतील, तीन मिनिटांत संपवतील. "आणि तुमच्या घरातल्या त्या बाईंना आता विश्रांती द्या. खूप केलं त्यांनी." शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. नाहीतर बँक: घर तारण ठेवायचं, जे अर्धं नवऱ्याकडून तिचं आणि अर्धं वन्संचं, म्हणजे वन्संची सही हवी. यातलं काहीच तिनं वन्संना सांगितलं नव्हतं. ते गृहस्थ कोण होते, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, असेच, बघायला आले होते. ही खोडही नवऱ्याचीच. "अक्काला सांगू नकोस, काळजी करत बसेल." चार वर्षं ती वन्संपर्यंत जाणारं सगळं आधी गाळून घेत होती, आणि त्याला जपणं म्हणत होती.

उजवा पाय. खणलेला रस्ता मागे पडला तरी ते दोन शब्द तिच्या बरोबरीनं चालत होते. तीन आठवड्यांपूर्वी एक जोड परत आला होता. प्राथमिक शाळेतल्या एका शिक्षिकेचा, पहिल्यांदाच जाड तळव्याचा बूट मागवलेला. सोबत चिठ्ठी: बूट परत पाठवत आहे, कृपया पाहावे. पाहिलं तर तळवा उजव्या बुटाला चढवलेला, आणि बाईंचा आखूड पाय डावा. वहीत वन्संच्या मोत्यासारख्या अक्षरात 'उजवा' लिहिलं होतं, पण ती वहीपर्यंत गेलीच नव्हती. ती सरळ मागच्या खोलीत गेली होती आणि कारागिराला म्हणाली होती, "काका, आता डोळ्यांना चष्मा लावा बाई एकदाचा." दोन मदतनिसांच्या देखत. तिशीपासून या धंद्यात असलेला माणूस, नवऱ्याला चामडं कापायची रापी धरायला ज्यानं शिकवलं तो. त्यानं मान हलवली होती आणि रापी दगडावर घासायला घेतली होती.

ती कारखान्यात पोचली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मदतनीस बाहेर गेले होते, वन्सं वर घरी जेवायला. कारागीर कोपऱ्यात खोक्यांच्या थप्पीआड, भिंतीकडे तोंड करून, फोनवर बोलत होता. हळू, चोरट्यासारखा. "हां, दुकानातूनच बोलतोय. काही नाही, नुसतं विचारायचं होतं. डावा ना? डावाच. बरं. नाही, नाही, बाईंनी बरोबरच लिहिलंय, मीच आपला खात्री करून घेतो, म्हाताऱ्याला सवय असते." त्यानं फोन ठेवून वळून बघितलं. त्याच्या मांडीवर वन्संची वही उघडी होती आणि तिच्यात पेन्सिलीनं, अगदी फिकट, काही ओळींच्या शेवटी 'डा' नाहीतर 'उ' लिहिलेलं होतं.

ती चामड्याच्या गुंडाळीवर बसली. चुन्याच्या भिंती, डिंकाचा वास, खिळ्यांचा डबा. "किती दिवस?" तिनं विचारलं.

"वरीस झालं असेल."

"मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं?" तो म्हणाला. "पुरुषांचं बोलणं त्यांना ऐकू येतं. बायकांचं चुकतं. मग मी बायकांच्या तेवढ्या ऑर्डरी बघून जेवणाच्या सुट्टीत फोन करतो. दहा मिनिटांचं काम."

"त्या शिक्षिकेचा?"

"त्या दिवशी मी आलो नव्हतो. नातीचा हात मोडला होता ना."

तिला तो दिवस आठवला. आपण तेव्हा त्याला विचारलंसुद्धा नव्हतं की नात कशी आहे. "काका, मी तुम्हाला बोलले," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलले."

"बोललात खरं."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"माझे डोळे चांगले आहेत, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला आणि हातातली वही त्यानं जपून मिटली. "कुणीतरी चष्मा लावा म्हणालं तर माझं काय जातं? त्यांना कुणी काही म्हणालं असतं तर फोन सोडून दिला असता त्यांनी." मदतनीस परत आल्यावर तिनं सगळ्यांसमोर, शिलाईचं मशीन बंद करायला लावून सांगितलं की चूक काकांची नव्हती, मी चुकीचं बोलले. काकांनी तेव्हाही रापीच घासायला घेतली. पण घासता घासता ते नातीच्या हाताविषयी बोलायला लागले, प्लास्टर निघालं म्हणाले, आणि प्लास्टरवर तिनं काय काय काढलं होतं तेही.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर वन्सं वर आल्या आणि चहा ओतून घेऊन खुर्चीत बसल्या. त्यांच्याकडे बघताना तिला पहिल्यांदाच दिसलं की त्या समोरच्याच्या ओठांकडे बघतात, डोळ्यांकडे नाही. हे कधीपासून? आणि घरातलं ते मोजून बोलणं. आपल्याला वाटलं, वन्संचा स्वभाव. बोलायला सुरुवात केली की समोरून उत्तर येतं, आणि उत्तर ऐकू येणार नसेल तर माणूस कमीच बोलणार. एवढी साधी गोष्ट. ती खुर्ची ओढून अगदी त्यांच्यासमोर बसली.

"वन्सं, आज बँकेतून मी फोन केला होता."

"केव्हा?"

"अकराच्या सुमाराला. डावा पाय. घरी नणंद असते."

वन्संनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सावकाश सरकत गेलं, आधी न कळणं, मग कळणं, मग लाज. "मी काय काय बोलले?" त्यांनी विचारलं.

"चांगलं बोललात. इतकं चांगलं माझ्याशी कधी बोलत नाही तुम्ही."

"तू समोर असतेस," वन्सं म्हणाल्या. "समोरच्याला कळतं ना, की आपल्याला ऐकू आलं नाही. फोनवर कळत नाही." त्या पुढे म्हणाल्या, "बायकांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात. शब्दांचा आकार कळतो, धार कळत नाही. मग मी त्यांच्या बोलण्यात नसलेलं आपलं आपणच भरते. माणूस काय म्हणत असेल ते बहुतेक कळतंच. एकटेपणाचं सगळ्यांचं सारखंच असतं. पाय तेवढे वेगळे."

मग तिनं सगळं सांगितलं. गाळून न घेता. ते गृहस्थ कोण, चाळीस टक्के म्हणजे काय, ते लांबचं केंद्र, त्या बाईंना विश्रांती द्या हेसुद्धा. बँक, घर, सही. बोलताना ती ओठ नीट हलवत होती आणि मध्ये मध्ये तिला आपलाच आवाज शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीसारखा वाटत होता. विश्रांतीपाशी वन्संच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्या थांबल्या त्या भलत्याच ठिकाणी. "दहातले चार?" त्यांनी विचारलं. "चौघांना लाइनच मिळत नाही? मी अठरा अठरा मिनिटं इकडे एकाला धरून बसते आणि तिकडे चौघं ताटकळतात? हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मग? वाटू दे की. साठी ओलांडली मी, वाईट वाटून मरत नाही." आणि मग, हे जरा जास्तच झालं असं वाटून, त्यांनी तिच्या पेल्यात उरलेला चहा ओतला. "सही मी करते. घर काय, तुझं माझं मिळूनच आहे. त्या माणसाला हिस्सा देऊ नकोस, पण त्याचं ऐक. फोनवर दोन पोरी बसव, चांगल्या कानाच्या. त्यांना बोलायचं कसं ते मी शिकवेन. आणि कागदावर दोन पावलं छापून घे, आखूड पावलावर लोकांनी स्वतःच्या हातानं फुली मारायची. फोनवरच्या शब्दावर बूट करायचा नाही. माझ्याही नाही."

बँकेनं मागितले त्यापेक्षा कमी दिले. घासायचं मशीन पुढच्या वर्षावर गेलं, कारागीर चाराऐवजी दोन आले. त्या गृहस्थांना तिनं नकार कळवला तेव्हा ते म्हणाले, चौघांचं काय करताय ते सांगा, आणि फोनवरच्या दोन पोरी नि फुलीचा कागद यांचं ऐकून म्हणाले, हे मला सुचायला हवं होतं. वन्संच्या कानांची तपासणी झाली. यंत्र घेतलं, पण त्यातून मशीनचा आवाज आधी येतो आणि माणसाचा नंतर, अशी त्यांची तक्रार होती, ती खरीच असावी. फोनवरून त्या उठल्या. उठण्याआधी एक काम मात्र राहिलं होतं, आणि ते कुणी सांगायच्या आत त्यांनीच काढलं: त्या शिक्षिकेला फोन. नवा जोड पंधरा दिवसांपूर्वी पोचला होता. पण बाईंशी कुणीच बोललं नव्हतं.

पुढच्या खोलीत दोघी फोनच्या दोन बाजूंना बसल्या. फोन मोठ्यानं ऐकू येईल असा केला होता, तरी बाईंचा आवाज बारीक, पातळ, वन्संना मुळीच न पोचणारा. असं ठरलं की बाई बोलतील ते तिनं वाक्यावाक्यानं वन्संना सांगायचं. नवा बूट ठीक आहे म्हणतात. चालताना बरं वाटतं म्हणतात. वन्सं मान हलवत होत्या. मग त्यांनी विचारलं, पहिला जोड चुकीचा आहे हे तुम्हाला केव्हा कळलं? आणि पलीकडून आलेलं उत्तर ऐकून ती थांबली. बाई म्हणाल्या होत्या: आठ दिवसांनी. तुमच्या बाईंनी सांगितलं होतं, पहिले काही दिवस विचित्र वाटेल, कंबर दुखेल, पण सोडू नका. त्या इतक्या मायेनं बोलल्या होत्या की चूक त्यांची असेल असं मनातच आलं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी आठ दिवस तसाच घालून शाळेत गेले. नवव्या दिवशी जिन्यात पडले.

वन्सं तिच्या ओठांकडे बघत होत्या. किती सोपं होतं. आठवड्यानं कळलं म्हणतात, एवढंच म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही झालं नसतं. मागच्या खोलीतली हातोडी तेवढ्यात थांबली होती. तिनं श्वास घेतला आणि बाईंचं वाक्य जसंच्या तसं, माया आणि जिना दोन्ही ठेवून, एकेक शब्द सुटा करून वन्संना सांगितलं.

वन्संनी ते पूर्ण ऐकून घेतलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर एकदा हलली आणि थांबली. मग त्या फोनवर वाकल्या. "बाई, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मला ऐकू कमी येतं. तुम्ही डावा म्हणालात, मी उजवा लिहिलं. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, की मला ऐकू कमी येतं." घरात, दुकानात, डॉक्टरांकडेसुद्धा हे वाक्य त्यांनी आजवर सरळ उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांना त्या म्हणाल्या होत्या, फोन जुना झालाय.

पलीकडे बाईंनी घसा साफ केला, आणि जो आवाज आला तो मघाचा नव्हताच. पोटातून काढलेला, एकेक अक्षर उचलून पुढे ठेवणारा, पन्नास मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. खिडकीची काच किंचित थरथरली. "लागलं फार नाही मला," तो म्हणाला, "गुडघा खरचटला होता. बरा झाला. तुम्ही कशा आहात?"

ती वाक्य पुन्हा सांगायला तोंड उघडणार तोच वन्संनी हात वर करून तिला थांबवलं.

"मी बरी आहे," वन्सं फोनला म्हणाल्या. त्या पुढे सरकून बसल्या, दोन्ही कोपरं टेबलावर टेकून. "कोणती इयत्ता शिकवता हो तुम्ही?"

"दुसरी," बाईंचा आवाज खोलीभर आला.

तिला आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती उठली, आवाज न करता खुर्ची मागे सारली, आणि मागच्या खोलीच्या दारात, हातोडी घेऊन उभ्या असलेल्या कारागिराशेजारी जाऊन उभी राहिली.